डॉक्टरांनी विचारलं "सिगरेट वगैरे?" आणि बाबा कॉटपाशीच उभे होते

वाचकाचं पत्र, नाव-गाव काढून थोडक्यात:

मी २४ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. उंची सहा फूट एक इंच, वजन ५८ किलो, घरात लहानपणापासून काडीपैलवान म्हणतात. दीड महिन्यापूर्वी रात्री लोळत सिरीज बघत होतो आणि उजव्या छातीत एकदम कळ आली, पार खांद्यामागपर्यंत. गॅस असेल म्हणून ईनो घेतलं, रूममेटने स्प्रे मारला, झोपलो. दुसऱ्या दिवशी दुखणं बरंच कमी झालं पण ऑफिसच्या जिन्यात दुसऱ्याच मजल्यावर धाप लागली. एक्सरेत उजवं फुफ्फुस निम्मं बसलेलं निघालं, न्यूमोथोरॅक्स म्हणाले, छातीत नळी टाकली, चार दिवस अ‍ॅडमिट होतो. आई-बाबा गावाहून आले. राउंडला डॉक्टरांनी सिगरेटचं विचारलं तेव्हा बाबा शेजारी होते, मी "नाही" म्हणालो. खरं तर थर्ड इयरपासून रोज सात-आठ व्हायच्या, वीकेंडला कधी गांजाही. आता सगळं बंद केलंय. पण हे मीच ओढवून घेतलं असं सारखं वाटतं. आता बंदच केलीय तर डॉक्टरांना सांगून काय उपयोग, आणि सांगितलं तर बाबांपर्यंत जाणारच. रात्री छातीत जरा टोचलं की पुन्हा झालं वाटून झोप उडते. डिसेंबरमध्ये मित्रांसोबत तारकर्लीला स्कूबा बुक आहे, जानेवारीत कंपनीच्या कामासाठी विमानाने जायचंय, आई म्हणते रोज भस्त्रिका कर म्हणजे फुफ्फुस मजबूत होईल, आणि जिमचं कोणी नीट सांगत नाही. काय करू?

उत्तर:

बाबांसमोर "नाही" म्हणालास यात मला नवल वाटलं नाही. राउंडची घाई, कॉटभोवती चार माणसं, छातीत नळी, आणि त्यात हा प्रश्न, तिथे हो म्हणणारा मुलगा विरळाच. मी तालुक्याच्या गावात बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, नातेवाईक खोलीत असताना तंबाखू-दारूच्या प्रश्नाला आलेलं "नाही" मी केसपेपरवर पेन्सिलीनेच लिहायचे. तुझ्या डॉक्टरांनी मात्र पेनाने लिहिलं असणार आणि ते आता डिस्चार्ज कार्डावर छापून आलंय, पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच वाचणार. म्हणून त्यावर बोलूच, पण आधी तुला काय झालं होतं ते नीट समजून घे, कारण पत्रावरून वाटतंय की ते तुला कोणी बसून सांगितलेलंच नाही.

फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरं, मध्ये जेमतेम थोडासा द्रव. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटून राहतात ना, तसं फुफ्फुस छातीला धरून राहतं. फुफ्फुसाचा स्वतःचा कल कायम आकसायचा असतो, त्या मधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो म्हणून ते फुगलेलं राहतं. तिथे हवा शिरली की ती पकड सुटते आणि फुफ्फुस आपलं आपण आत बसतं. तुझ्या केसमध्ये हवा आली ती फुफ्फुसातूनच. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला बारीक फोड असतात, डॉक्टर त्यांना ब्लेब म्हणतात, मोठा असला की बुला, त्यातला एखादा फुटतो. उंच आणि सडपातळ तरुण मुलांमध्ये हे जास्त होतं, कारण उभ्या माणसाच्या फुफ्फुसाच्या टोकावर ताण जास्त पडतो आणि उंची जितकी जास्त तितका तो ताणही जास्त, असं मानतात. आणि बहुतेक वेळा हे होतं तेव्हा माणूस काही जोर लावत नसतो, तुझ्यासारखाच लोळत पडलेला असतो.

आता "मीच ओढवून घेतलं" हे. यात अर्धं खरं आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही. १९८७ मध्ये स्वीडनमधून आलेल्या एका अभ्यासात सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना हा धोका न ओढणाऱ्यांच्या २२ पट दिसला, बायकांना ९ पट. दिवसाला १२ पर्यंत ओढणारे पुरुष, म्हणजे तुझा गट, त्यांना साधारण ७ पट, आणि २२ च्या वर ओढणाऱ्यांना शंभर पटीच्या घरात. म्हणजे जितक्या जास्त तितका धोका जास्त, हे सरळ आहे. पण दुसरी बाजू पण बघ, तुझ्याच ग्रुपमध्ये तुझ्याएवढ्याच ओढणारे असतील ना, त्यांना नाही झालं, आणि आयुष्यात एकही न ओढलेली उंच पोरं नळी टाकून वॉर्डात पडलेली असतात. फोड असणं, शरीराची ठेवण, कधी घराण्यातून आलेलं काही, हे तू निवडलेलं नव्हतंस. सिगरेट निवडली होतीस, ती सोडलीस. शिक्षा मिळाली वगैरे विचार करत बसलास तर एक धोका मला दिसतो तो हा की शिक्षा भोगून झाली असं वाटलं की माणूस परत टपरीवर उभा राहतो.

"आता बंदच केलीय तर सांगून काय उपयोग" इथे मात्र तुझं गणित चुकतंय. पहिल्यांदा हे झालेल्या तीनातल्या साधारण एकाला ते पुन्हा होतं, आणि बहुतेकांना पहिल्या वर्ष-दोन वर्षांत. तुझा नंबर लागायची शक्यता किती, सीटी स्कॅन आत्ता काढायचा की नाही, पुन्हा झालं तर थेट ऑपरेशनकडे जायचं का, हे ठरवताना डॉक्टर तुझा इतिहास बघतात आणि तो इतिहास सध्या चुकीचा आहे. गांजाचं तर आवर्जून सांग. त्यात खोल झुरका घेऊन श्वास दाबून धरतात, छातीतला दाब वाढतो, शिवाय नेहमी ओढणाऱ्या काही तरुणांच्या फुफ्फुसात मोठमोठे बुला सापडलेत. उद्या ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञालाही हे माहीत हवं. आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे सिगरेट नुसत्या मनाच्या जोरावर सुटते असं समजू नकोस, पहिले काही महिने फार निसरडे असतात, त्यासाठी गोळ्या आहेत, निकोटिनची च्युइंगम आहे, पण जो माणूस कागदावर ओढतच नाही त्याला डॉक्टर हे देणार कसं? केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची टोल फ्री लाइनही आहे, १८००-११-२३५६. तिथे कोणी बाबांचा नंबर विचारत नाही. व्हेप हा पर्याय मनातही आणू नकोस, धूर नसला तरी फुफ्फुसातच जातो.

राहिलं बाबांपर्यंत जाण्याचं. तू २४ वर्षांचा आहेस. पेशंटने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर बंधन आहे, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत ते लिहिलेलं आहे, सज्ञान मुलाची माहिती बापाला परस्पर द्यायची नसते. आपल्याकडे हे सर्रास मोडलं जातं हे मलाही माहितीये, "तुमचा मुलगा काय काय करतो माहितीये का" असं कॉरिडॉरमध्ये बोलणारे असतात. म्हणून तू फॉलोअपला एकटा जा आणि आत गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगून टाक, "सर, तेव्हा बाबा होते म्हणून नाही म्हणालो, मी चार-पाच वर्षं रोज सात-आठ ओढत होतो, गांजाही कधीमधी, आता बंद आहे, आणि हे घरी कळू नये अशी माझी इच्छा आहे." एवढंच. ते दचकणार नाहीत, असं त्यांना रोज कोणीतरी सांगतं. फार तर मान हलवून लिहून घेतील.

बाबांना सांगायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वैद्यकीय नाही. तुझ्या उपचारासाठी बाबांना कळणं गरजेचं नाही. तुला सांगावंसं वाटत असेल तर सांग, मन मोकळं होईल, पण "फुफ्फुस गेलं म्हणून कबुली द्यायलाच हवी" असं काही नाही. बाबांशी एक बोलणं मात्र नक्की कर, वेगळ्या कारणासाठी. त्यांना आणि आईला विचार, आपल्यात कोणाला, काका-मामा-चुलत भाऊ कोणालाही, तरुणपणी असं छातीत हवा भरण्याचं झालं होतं का, कोणी फार उंच, लांबलचक बोटांचं, डोळ्याचं भिंग सरकलेलं, किंवा हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीचा त्रास झालेलं आहे का. मारफान सिंड्रोमसारखे काही आनुवंशिक प्रकार असतात त्यात फुफ्फुस असं बसतं. क्वचितच निघतं, पण विचारायला काय जातंय, आणि ते उत्तर घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता रात्रीचं टोचणं. नळी बरगड्यांच्या मधून जाते, तिथली नस दुखावते, त्यामुळे कित्येक आठवडे त्या जागी चमक येणं, बधिर वाटणं, कूस बदलताना ओढल्यासारखं होणं हे होत राहतं. सेकंदभर टोचून गेलं, बोटाने दाबलं की नेमकं तिथेच दुखतं, हात वर केला की दुखतं, तर ते बहुतेक वरच्या वरचं असतं. पुन्हा फुफ्फुस बसलं तर कळ साधारण एकाच बाजूला, अचानक, खोल श्वास घेतला की वाढणारी असते आणि ती जात नाही, सोबत धाप, कोरडा खोकला. तू रोज चढतोस त्याच जिन्यावर दम लागायला लागला तर ती खूण सगळ्यात कामाची. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, तुझ्या बाबतीत घडलेलीच आहे: तरुण निरोगी माणसात दुखणं एका दिवसात बरंच कमी होतं पण फुफ्फुस तसंच बसलेलं असतं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं धरून लोक आठवडाभर हिंडतात. शंका आली तर घरी बसून अंदाज लावू नकोस, एक्सरे काढ. एका एक्सरेतलं रेडिएशन अगदी कमी असतं आणि खर्च तुझ्या एका रविवारच्या जेवणाएवढा.

एक्सरेत डॉक्टर काय बघतात ते पण सांगते, म्हणजे तुझी फिल्म तुला वाचता येईल. खिडकीसमोर धर. निरोगी बाजूला फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या बरगड्यांपर्यंत पसरलेल्या दिसतात. पहिल्या दिवसाच्या फिल्मवर उजव्या बाजूला मध्येच एक केसासारखी पांढरी रेघ दिसेल, ती फुफ्फुसाची कड, आणि त्या रेघेच्या बाहेर नुसतं काळं, एकही फांदी नाही. ते काळं म्हणजे नको तिथे गेलेली हवा. उभं राहून काढलेल्या एक्सरेत हे चांगलं दिसतं, आडवं पडून काढलेल्यात हुकू शकतं, म्हणून अपघाताच्या पेशंटला हल्ली कॅज्युअल्टीतच सोनोग्राफीचं यंत्र लावून फुफ्फुस सरकतंय की नाही ते बघतात. ईसीजीही काढतात कारण छातीची कळ हृदयाची नाही ना हे बघावंच लागतं. सीटी सगळ्यांना लागत नाही.

तुझ्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत होतं ना, खोकलास की बुडबुडे यायचे. ती हवा बाहेर जात होती आणि पाण्यामुळे परत आत येऊ शकत नव्हती. बुडबुडे थांबले, एक्सरेत फुफ्फुस उघडलं, नळी काढली, इतकं साधं तत्त्व आहे. कोणी म्हणेल माझ्या भावाला तर नळी न टाकताच बरं झालं, तेही खरं असू शकतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १४ ते ५० वयाच्या ३१६ पेशंटवर केलेला अभ्यास २०२० मध्ये छापून आला, त्यात ज्यांना नुसतं लक्ष ठेवून सोडलं त्यातल्या साधारण ८५ टक्के लोकांना नळीची गरज पडली नाही, हवा हळूहळू शरीरानेच शोषून घेतली. पण ते पहिल्यांदाच झालेले, बाकी तब्येत ठणठणीत असलेले आणि डॉक्टरांच्या नजरेखाली असलेले लोक होते. घरी बसून आपोआप जाईल म्हणण्याचा हा परवाना नाही.

कारण एक प्रकार असा आहे ज्यात वेळच मिळत नाही. फोडाचं भोक झडपेसारखं वागतं, हवा आत येते पण बाहेर जात नाही, दाब वाढत जातो आणि तो हृदयाला, मोठ्या शिरांना दाबतो. धाप मिनिटागणिक वाढते, एक वाक्य सलग बोलता येत नाही, घाम, छातीत धडधड, ओठ-नखं निळसर, चक्कर, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. असं काही दिसलं की १०८ ला फोन, स्वतः बाइक काढायची नाही, ओला-उबरची वाट बघायची नाही. आणि कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या सांगायचं, "मला आधी उजव्या बाजूला न्यूमोथोरॅक्स झाला होता." या एका वाक्याने डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो, अशा वेळी ते एक्सरेचीही वाट न बघता सुई घालून हवा सोडतात. रूममेटला पण हे वाक्य पाठ करून ठेव, त्याला तेवढं तरी काम दे, स्प्रे मारण्यापेक्षा बरं.

जिमबद्दल तुझ्या डोक्यात आहे की वजन उचलल्याने परत फुटेल. एक्सरे पूर्ण स्वच्छ झाल्यावर चालणं, जॉगिंग, मग हळूहळू जिम, याला सहसा हरकत नसते, फक्त श्वास रोखून जड वजन मारायचा प्रकार सुरुवातीला नको आणि तारीख तुझ्या डॉक्टरांकडून ठरवून घे. भस्त्रिका आणि कपालभाती मात्र सध्या नाही. २००४ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात कपालभातीनंतर फुफ्फुस बसलेल्या बाईची केस छापून आली होती. एका केसवरून प्राणायामाला नावं ठेवायची नाहीत, पण आईला सांग की जोराचे भाते आत्ता नकोत, हॉस्पिटलने दिलेलं श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं यंत्र आणि सावकाश दीर्घ श्वास चालतील. आईला काहीतरी करायला हवं असतं, यंत्र तिच्या हातात दे, ती वेळेवर करून घेईल.

विमानाचं सोपं आहे. वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो आणि छातीत अडकलेली हवा फुगते, म्हणून फुफ्फुस बसलेलं असताना उडायचं नाही. एक्सरेत पूर्ण उघडल्यावर किमान सात दिवस थांबायचं असं ब्रिटिश छातीतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. तुझी जानेवारी लांब आहे, जाण्याआधी एक ताजा एक्सरे काढ आणि निवांत जा.

स्कूबा नाही. यात घासाघीस नाही. पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, तिथे टाकीतून घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते, आणि तुझ्या फुफ्फुसाच्या टोकाला एखादा फोड उरला असेल तर त्यात अडकलेली हवा जाणार कुठे? "आम्ही फार खोल नाही नेत, पहिल्यांदाच करणारेही असतात" असं ते सांगतील, पण दाबात सगळ्यात जास्त फरक वरच्या काही मीटरमध्येच पडतो, उथळ म्हणजे सुरक्षित असं नसतं. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन होऊन तज्ज्ञाने परवानगी दिल्याशिवाय हे आयुष्यभर बंद समज. तिथल्या फॉर्मवर फुफ्फुसाच्या आजाराचा रकाना असतो, तो खोटा भरायचा मोह होईल, पुन्हा "नाही" लिहू नकोस. बोटीतून फिर, डॉल्फिन बघ, सुरमई खा, वर तरंगत स्नॉर्केलिंग करायचं असेल तर डॉक्टरांना विचारून.

ऑपरेशन लागेल का असं तू विचारलं नाहीस पण मनात असणार. पहिल्यांदा झाल्यावर बहुधा थांबतात. त्याच किंवा दुसऱ्या बाजूला पुन्हा झालं, किंवा नळी टाकूनही हवा गळत राहिली, तर दुर्बिणीने फोड काढून फुफ्फुस छातीला चिकटवून टाकतात, मग पुन्हा होण्याची शक्यता फार कमी उरते.

तुझ्या निमित्ताने बाकीच्यांनाही दोन शब्द, कारण या विषयावर पत्रं येतात ती सगळी उंच पोरांची नसतात. घरात जुना दमेकरी, बिडी ओढणारे आजोबा किंवा पूर्वी टीबी झालेलं कोणी असेल आणि दम अचानक वाढला तर पंप मारत बसू नका. त्यांच्या फुफ्फुसात मुळात शिल्लक कमी असते, थोडंसं बसलं तरी जीव घाबराघुबरा होतो, आणि आपल्याकडे टीबी हे याचं मोठं कारण आहे, तेव्हा टीबीची तपासणीही व्हायला हवी. बाइकवरून पडून बरगडीला मार लागलेल्या माणसाला काही तासांनी धाप लागली तर परत दवाखान्यात न्या, सकाळचा एक्सरे नॉर्मल होता म्हणू नका. आणि बायकांनो, पाळीच्या आसपास दर वेळी उजव्या छातीत-खांद्यात कळ आणि दम लागत असेल तर तारखा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, एंडोमेट्रिओसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर भलतीकडे वाढतं त्या आजारामुळे, असं होऊ शकतं आणि "बाईचं नेहमीचंच" म्हणून ते वर्षानुवर्षं सुटून जातं. रिपोर्टवर नुसतं "कोलॅप्स" लिहिलेलं असेल तर कोणत्या प्रकारचं ते विचारा, कारण कफाने किंवा लहान मुलाच्या श्वासनळीत गेलेल्या शेंगदाण्याने ती नळी बंद होऊनही फुफ्फुसाचा भाग मिटतो, त्याचा उपचार पूर्ण वेगळा.

तू या आठवड्यात फॉलोअपची अपॉइंटमेंट घे, एकट्याची. पहिला आणि शेवटचा एक्सरे, डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो फोनमध्ये ठेव. आणि तारकर्लीवाल्याला आजच फोन करून तुझ्या एकट्याच्या स्कूबाचे पैसे परत मिळतात का विचार, सीझन सुरू झाल्यावर कोणी दाद देत नाही.